हंड्यावरचा लाल टॅग

बबन, तुझ्या तेराव्याला सोसायटीच्या हॉलमध्ये थर्माकोलच्या प्लेटा होत्या. पाण्याच्या छोट्या बाटल्या होत्या, निम्म्या प्यायलेल्या. जेवणं उरकली आणि उरलेली बुंदी, वांग्याची भाजी, प्लेटा, बाटल्या, सगळं एकाच काळ्या पिशवीत कोंबून घंटागाडीत गेलं. ओलं-सुकं कुणी बघितलं नाही, वजनकाटा कुणी आणला नाही. तू असतास तर त्या पिशवीला गाठ मारू दिली नसतीस आणि सगळ्यांनी तुला मनातल्या मनात शिव्या घातल्या असत्या. मला वाईट वाटलं, पण मीही त्याच प्लेटमध्ये जेवलो.

चेअरमन बोलले. "बबनराव म्हणजे आपल्या सोसायटीचा श्वास होता," असं म्हणाले. याच माणसानं तुझं नाव कचराशेठ पाडलं होतं. मेल्या म्हशीला मणभर दूध, दुसरं काय. ग्रुपवर जोडलेल्या हातांची रांग लागली होती, त्यातल्या अर्ध्या लोकांनी तुझे मेसेज वाजायला नकोत म्हणून आवाज बंद करून ठेवला होता. मग मला बोलायला उभं केलं. पंचवीस वर्षं एकाच कंपनीत, एकाच बसमध्ये, शेवटी एकाच सोसायटीत, मग दुसरं कोण बोलणार? मी दोन मिनिटं बोललो. त्यात एकच वाक्य खरं होतं, माझा मित्र गेला एवढं.

बाकीचं आता लिहितो. पाडव्यापासून आपण एकमेकांशी धड बोललो नाही, आणि आता तुला उलट बोलता येणार नाही, हे मला सोयीचं आहे. हेही लिहूनच टाकतो.

तू क्वालिटीचा, मी प्रॉडक्शनचा. चाकणच्या पट्ट्यात ज्यानं एक पाळी जरी काढली आहे त्याला एवढं सांगितलं की पुढचं कळतं. मी माल काढायचा आणि तू तो अडवायचास. तू इथला, पिंपळे गुरवचा, तुमच्याच रानावर ही सोसायटी उभी राहिली. मी लातूरकडून ट्रंक घेऊन आलेला. तरी बसमध्ये तू माझ्यासाठी खिडकीची जागा धरून ठेवायचास. कंपनीच्या गेटातून आत गेलो की मात्र ओळख संपली. मापात केसभर फरक दिसला की खिशातून लाल टॅग काढून तारेनं माझ्या ट्रॉलीला बांधायचास. टॅगवर भागाचं नाव, दोष काय, कुणामुळे, आणि खाली दोन चौकोन. एक रिवर्कचा, म्हणजे दुरुस्त करून परत घ्या. एक स्क्रॅपचा, म्हणजे भंगारात काढा. कुठल्या चौकोनात खूण करायची ते तू ठरवायचास. आणि एकदा टॅग लागला की तो मॅनेजरनंसुद्धा काढायचा नाही, क्वालिटीनंच काढायचा, हा कंपनीतला नियम.

आम्ही काय करायचो तेही तुला ठाऊक होतं. बाहेरचे साहेब तपासणीला येणार असले की टॅग लागलेला सगळा माल टेम्पोत भरायचा आणि टेम्पो बाहेर फिरायला पाठवायचा. साहेब जेवून परत जाईपर्यंत तो तळेगावच्या रस्त्याला चकरा मारायचा. कामाची जागा एकदम चकाचक. एकदा तू मला विचारलंस, "सुभ्या, माल कुठं ग्येला?"

मी म्हटलं, "फिरायला."

सगळे हसले, तू हसला नाहीस. "फिरून कुठं जाणार हाय? सांच्याला हितंच येणार," म्हणालास आणि चष्मा पुसत निघून गेलास.

तू रिटायर झालास तेव्हा वहिनी जाऊन दोन वर्षं झाली होती आणि तुझा मुलगा प्रशांत ताथवड्याला राहायला गेला होता. मला वाटलं, आता हा बाकावर बसून पेपर वाचेल आणि आपल्याला सुखानं जगू देईल. दोन महिन्यांत तू शर्यत काढलीस. दिवाळी ते गुढीपाडवा, चार विंग. प्रत्येक विंगनं ओला कचरा आपल्या ड्रममध्ये जिरवून त्याचं खत करायचं, सुका वेगळा ठेवायचा, आणि एवढं करून जो कचरा उरेल तो रविवारी सकाळी गेटवर ताणकाट्याला लावायचा. ज्या विंगचं वजन कमी, ती जिंकली. बक्षीस म्हणून तू आईचा तांब्याचा हंडा काढलास, चिंच लावून घासून. चषक फिरतो तसा हा हंडा जिंकणाऱ्या विंगमध्ये फिरणार. चेअरमन म्हणाले, लोक हसतील.

"हसू द्या की," तू म्हणालास. "हसत हसत का हुईना, ओलं-सुकं येगळं करतील."

आणि राव, केलं लोकांनी. रविवारी सकाळी गेटवर जत्रा भरायची. डी विंगमधला तो इंजिनियर, जो लिफ्टमध्ये कुणाला ओळख दाखवत नव्हता, तो "आमच्या पिशवीत तुमची अंड्याची टरफलं कशी?" म्हणून बी विंगशी भांडायला लागला, आणि भांडता भांडता त्यांच्याकडे चहा प्यायला लागला. माझी मंदा संत तुकाराम नगरच्या बहिणीला फोनवर आमचं वजन सांगायची, पोराचे मार्क सांगावेत तसं. पहिलं खत निघालं तेव्हा तू मूठभर आणून माझ्या नाकाशी धरलंस. "वास घे," म्हणालास. मातीचा वास होता, दुसरा कसलाच नाही. "ह्येच आमचं रान. तुमच्या पार्किंगखाली गाडल्यालं." मी चेष्टा केली की आता सात-बाराही काढ. पण त्या थंडीतल्या रविवारांबद्दल मी तुझा ऋणी आहे, बबन. हे इथंच लिहून ठेवतो, पुढं जमणार नाही.

कारण पुढं संक्रांत आली. मंदानं हळदीकुंकू केलं. वाण म्हणून तिनं कापडी पिशव्या शिवून वाटल्या, तुझ्या शर्यतीपायीच. पंधरा दिवस मशीनवर बसली होती. बायका आल्या, गर्दी झाली, घाईत चहाचे कागदी कप आणि तिळगुळाचे प्लॅस्टिकचे कागद दारातल्या ओल्या कचऱ्याच्या बादलीत पडले. नेमका तू तुझ्या फेरीवर आलास. जिना बायकांनी भरलेला, आणि तू सगळ्यांच्या देखत खिशातून लाल टॅग काढून मंदाच्या बादलीला बांधलास. कंपनीतून आणलेला तोच टॅग. दोष : मिक्स कचरा. कुणामुळे : फ्लॅट ३०४. वर फोटो काढून ग्रुपवर टाकलास. बायका वाण घेऊन मुकाट्यानं उतरल्या आणि मंदा न्हाणीघरात जाऊन रडली.

मी खाली येऊन तुला विचारलं, "बायामाणसांत टॅग लावायची काय गरज होती?"

"टॅगला बाई-बुवा कळत न्हाई, सुभ्या. चूक हाय ती हाय."

तू बरोबर होतास आणि तू दुष्ट होतास, एकाच वेळी दोन्ही. दुसऱ्या दिवशी तरी येऊन "वहिनी, चुकलं माझं" म्हणायला हवं होतंस, दोन शब्दांचं काम होतं. आला नाहीस. त्याबद्दल मी तुला माफ केलेलं नाही. माणूस गेला की सगळं विसरायचं असतं म्हणतात, मला नाही विसरता येत.

त्याच दिवशी ठरवलं, हंडा आमच्या सी विंगमध्ये आणायचा आणि तुझ्याच हातून घ्यायचा. मी विंगचा कॅप्टन होतो. कष्ट करूनही जिंकलो असतो कदाचित, पण प्रॉडक्शनच्या माणसाला टार्गेट दिलं की तो आधी आडवाट शोधतो. मी घरोघरी सांगितलं, जे जिरत नाही, वेगळं करायला जमत नाही, ते शुक्रवारी माझ्याकडे द्या. पिशव्या मी कंपनीतून आणल्या. सुट्या भागांना गंज लागू नये म्हणून माल ज्यात येतो त्या जाड, पिवळ्या. फाटत नाहीत, गळत नाहीत, वास बाहेर येत नाही. शनिवारी पहिल्या पाळीला निघताना त्या स्कूटरवर पायापाशी ठेवायच्या आणि सोसायटीमागच्या भिंतीवरून नाल्याच्या उतारावर टाकून पुढं बस पकडायची. रविवारी काट्याला आमची पिशवी लागली की काटा हलायचासुद्धा नाही. कुणी विचारलं नाही माल कुठं जातो. खालच्या मजल्यापासून वरच्यापर्यंत सगळ्यांना कळत होतं आणि सगळे टाळ्या वाजवत होते.

पाडव्याच्या चार दिवस आधी तू आमचा ड्रम उघडून आत काठी घातलीस. मला बोलावलंस.

"सुभ्या, माल कुठं ग्येला?"

"जिरला."

"जेवढा भाईर ग्येला न्हाई तेवढा आत दिसाया पायजे. हितं निम्मा बी न्हाई."

खाई त्याला खवखवे. मी जे बोललो ते तुला आठवत असेल, तरी लिहितो. "घरी कुणी उरलं नाही म्हणून तू लोकांच्या बादल्या हुंगत फिरतोस," असं म्हणालो मी. "वहिनी असत्या तर त्यांनाही टॅग लावला असतास." तू टोपी काढलीस, गुडघ्यावर झटकलीस, परत घातलीस आणि जिन्याकडे गेलास. मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं, मंदाचा हिशेब चुकता झाल्यासारखं.

पाडव्याला तू सगळ्यांसमोर हंडा माझ्या हातात दिलास. माझ्यासमोर वाकून, फक्त मला ऐकू येईल असं म्हणालास, "म्होरल्या फेरीला बघू." एवढंच. टॅग का लावला नाहीस, बबन? मंदाला कागदी कपासाठी लावलास आणि मला नाही? मिठाची गुळणी धरून बसलास आणि मी समजलो, सुटलो. तेव्हा तू माझी चारचौघांत अब्रू काढली असतीस तर मी वर्षभर तुझं तोंड बघितलं नसतं, पण तू आज बाकावर बसलेला असतास. इतकं कडक माणूस नेमकं नको तिथं मऊ कसं झालं, हे मला कळत नाही आणि त्याचा मला राग येतो.

पाडव्यापासून दुसरी फेरी सुरू झाली. हंडा एकदा दारात आल्यावर जाऊ दिला तर नाक कापलं जाणार, म्हणून मी पिशव्या टाकतच राहिलो. उन्हाळाभर टाकल्या, आषाढातही टाकल्या. एक गोष्ट मला तेव्हा दिसत होती. या फेरीला आमचा ड्रम भरलेला असायचा. मला वाटलं, लोक सुधारले.

मग एका शनिवारी सकाळी तू भिंतीपलीकडच्या उतारावर घसरलास. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, मग छातीत कफ साठला, मग न्यूमोनिया. जेमतेम तीन आठवडे. सगळे म्हणत होते, या वयात पावसात फिरायला जायची काय गरज होती. मी हॉस्पिटलला एकदाच आलो. तुझ्या तोंडावर मास्क होता. तो बाजूला सारून तू म्हणालास, "ड्रममधी वाळका पाला टाका. वल लई झालीया." मी हो म्हटलं. तू डोळे मिटलेस, मी सफरचंदांची पिशवी ठेवून निघालो. बाहेर पार्किंगमध्ये मला सुटल्यासारखं वाटलं, कारण तू दुसरं काही विचारलं नाहीस. पाला मी अजून टाकलेला नाही.

तुझं दहावं झालं त्या दिवशी लताबाई जिना झाडत होती. तुला माहीत आहे, ती बाई उगाच बोलत नाही. मी पायऱ्या उतरताना तिनं झाडू थांबवला.

"दादा, एक बोलू का? बबनअण्णा त्या उतारावर फिराया नव्हते जात."

"मग?"

"दर शनवारी जायचे. काठीला आकडा बांधून त्या पिवळ्या पिशव्या वर काढायचे. मी म्हणलं, अण्णा, मी काढते, तुमचा गुडघा दुखू लागलाय. तर म्हणले, 'तू न्हाई. ह्यो माल माझ्या दोस्ताचा हाय.' पिशवी फोडून निवडत बसायचे. ओलं तुमच्याच ड्रमात टाकायचे, सी विंगच्या. कुणाला सांगू नको म्हणले, म्हणून म्या बोलले नाही."

मी तिथंच पायरीवर बसलो. पंचवीस वर्षं त्या पिवळ्या पिशव्या फोडून माल मापलेला माणूस तू. आणि मी कचरा टाकायला नेमकी तीच पिशवी निवडली होती, का तर ती गळत नाही. वाण्याकडची काळी पिशवी घेतली असती तर कुणाची म्हणून कळलं नसतं. पहिली पिशवी उतारावर दिसली तेव्हाच तुला माझं नाव कळलं असणार. माझा माल रिवर्कला घेतलास तू, मला न सांगता, दर शनिवारी, त्या गुडघ्यानं.

हे सगळं ठाऊक झाल्यावर मी तेराव्याला आलो होतो. जेवणं झाल्यावर प्रशांतनं मला हॉलच्या दारात गाठलं.

"काका, बाबा त्या उतारावर कशाला गेले होते? तुम्हाला काही माहितीय?"

तुझ्यासारखाच बघतो तो, पापणी न हलवता. मी म्हटलं, "फिरायला गेला असेल रे." तो "बरं" म्हणाला आणि भांडी मोजायला गेला. टेम्पोसाठी वापरलेला शब्द मी तुझ्यासाठी वापरला, आणि तो तोंडातून इतका सहज निघाला की माझीच मला भीती वाटली.

आज रविवार. कमिटीनं ठरवलं होतं की तुझ्या आठवणीखातर हंडा प्रशांतला सन्मानानं परत द्यायचा, आणि तो सध्या सी विंगकडे असल्यामुळं द्यायचा माझ्या हातून. सकाळी मी सोसायटीच्या ऑफिसातल्या कपाटातून तू ठेवलेल्या टॅगच्या गठ्ठ्यातला एक काढला. स्वयंपाकघरात बसून भरला. भागाचं नाव : हंडा. दोष : कचरा नाल्यात टाकून जिंकला, तो काढताना बबन पडला. कुणामुळे : सुभाष, फ्लॅट ३०४. मंदा चहा गाळत होती. तिनं वाकून वाचलं. मला वाटलं अडवेल.

"लावा," ती म्हणाली. "मला लागला तेव्हा मी काही मेले नाही."

गेटवर चाळीसेक माणसं होती. हंड्याच्या गळ्याला तारेनं बांधलेला टॅग बघून चेअरमन म्हणाले, "अहो, हे काय लटकवलंय? काढा, फोटो घ्यायचाय."

"हात लावू नका," मी म्हटलं. "तो काढायचा अधिकार आपल्याला नाही."

मी मोठ्यानं वाचून दाखवणार होतो, वाचलं नाही. हंडा प्रशांतच्या हातात दिला. त्यानं टॅग वाचला, उलटा करून बघितला, पुन्हा वाचला. चेअरमननी त्याच्या खांद्यावरून वाचला आणि घसा खाकरला. पाठोपाठ एकेक जण पुढं येऊन वाचू लागला. आमच्या विंगची माणसं मोबाइलमध्ये बघत उभी होती.

प्रशांत हळू बोलला, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "हॉस्पिटलमध्ये मी बाबांना विचारलं होतं, तिकडं कशाला गेला होता म्हणून. ते म्हणाले, 'सुभ्याला इचार, त्याला ठावं हाय. खोटं बोलला तर दुसऱ्यांदा इचारू नगंस.'" त्यानं माझ्याकडे बघितलं. "म्हणून मी पुन्हा विचारलं नाही, काका."

मग त्यानं हंडा खाली ठेवला. "हा इथंच राहू द्या. आहे तसा," म्हणाला आणि गाडीत बसून निघून गेला.

हंडा आता आमच्या लिफ्टसमोर आहे. माणसं त्याच्याकडे न बघता जिन्यानं वर जातात. विंगमधले दुपारीच येऊन सांगून गेले की त्यांना यातलं काही माहीत नव्हतं, आणि मी असं परस्पर करायला नको होतं. शर्यत कमिटीनं बंद केली. पुढच्या रविवारपासून सगळं एकत्र घंटागाडीत जाईल, आणि ड्रमच्या जागी दोन गाड्या लावायचं घाटत आहे. तू हरलास, बबन, आणि तुला हरवण्यात माझा वाटा मोठा आहे.

प्रशांत गेल्यापासून तुझं ते शेवटचं वाक्य मी घोळवतो आहे. दुसऱ्यांदा विचारू नको. म्हणजे हा माणूस संपला, याच्यावर वेळ घालवू नको, असं म्हणायचं होतं तुला? की थांब जरा, तो आपल्या पायानं येईल, असं? पंचवीस वर्षं तुझं तोंड वाचत आलो, पण याचा अर्थ मला लागत नाही, आणि विचारायची सोय तू ठेवली नाहीस. टॅगवर बाकी सगळं मी भरलं आहे. खालचे दोन चौकोन तेवढे कोरे आहेत. तिथं खूण करायचं काम क्वालिटीचं.